न चाखता केलेली भाजी

आमच्या कॅन्सर वॉर्डात नवा पेशंट दाखल झाला की सलाईन, रक्त, तपासण्या हे सगळं इतर सिस्टर बघतात. पूर्वी मीही तेच करायची. आता माझ्याकडे फक्त प्रश्न आहेत. झोप येते का, जेवण जातं का, कशाची काळजी लागून राहिली आहे का, मन किती जड आहे, आणि शेवटी, जीव नकोसा वाटतो का, जीव द्यावा असं मनात येतं का. हे प्रश्न प्रत्येकाला विचारायचे. कुणाला वगळायचं नाही, हसऱ्या माणसाला तर मुळीच नाही.

मला याद्या करायची सवय आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. घरी किराण्याची यादी, दारावर कामांची यादी, पर्समध्ये याद्यांची यादी. नवरा म्हणतो, ही वर गेली की आधी देवांची हजेरी घेईल.

बाहेरच्यांना वाटतं, हे बुलढाणा जिल्ह्यातलं सगळ्यात उदास काम असणार. मला तसं वाटत नाही. आयुष्यात जितकं हसले त्यातलं निम्मं तरी मी या वॉर्डात हसले असेन.

सुरुवातीचीच गोष्ट. प्रशिक्षणात आम्हाला एक कार्ड दिलं होतं. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. मनावर किती ताण आहे तिथे पेशंटने बोट ठेवायचं. बीबी गावाकडच्या एका आजीला मी ते कार्ड दिलं आणि समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, कार्ड पदराला पुसलं, काखेत धरलं आणि अगदी शहाण्यासारखी न हलता बसली.

"किती वेळ ठेवू वं बाई?"

"झालं आजी, द्या."

"किती निघाला?"

आता काय सांगणार? मी कार्ड खिशात घातलं आणि माझ्या आईने विचारलं असतं तसं विचारलं, "आजी, इथं करमते काय तुमाले?"

"नाही ना वं," आजी म्हणाली, आणि मग तिने म्हशीपासून मरणापर्यंत सगळं सांगितलं. म्हशीला तिच्याशिवाय कुणी हात लावू शकत नव्हतं. धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. आणि रात्री दिवे मंद झाले की तिला वाटायचं, आपण आता घर बघतच नाही. मी स्टूल ओढून बसले ती जेवणाची गाडी येईपर्यंत.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न तोच. मन अस्वस्थ आहे का असं विचारलं की आमच्याकडची माणसं "नाही" म्हणतात आणि कूस बदलतात. करमते काय असं विचारलं की बोलतात. बाकीचे प्रश्न मग त्यामागून आपोआप येतात, अगदी शेवटचासुद्धा. तो विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, हे मला शिकवलं होतं आणि मी ते पाहिलंही आहे. ज्याच्या मनात तो असतो, त्याला कुणीतरी विचारल्याने उलट हायसं वाटतं.

दुसरी अडचण मोठी. आमच्याकडे पेशंट एकटा कधीच नसतो. खाटेशी बायको, खाटेखाली पिशवी, आणि दुपारी गावाहून जीप भरून भेटायला आलेली माणसं. त्यांच्यापुढे आजारी माणूस आजारी राहत नाही, यजमान होतो. नाकात नळी असली तरी विचारतो, "चहा घेतला काय?" एवढ्या लांबून आलेल्या माणसांना कोण सांगणार की मला जगावंसं वाटत नाही?

हे सगळं मला चांगलं माहीत होतं, तरीही धाड गावच्या आचाऱ्याने माझा घाम काढला.

धाडच्या आसपासच्या गावांत लग्न असो, तेरवी असो की देवळाचा भंडारा, कढई त्यांच्या हातात. साठीचा, उंच, शिडशिडीत माणूस. आयुष्यभर खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाल्ला आणि तोंडाचा कॅन्सर झाला. मोठ्या शहरात जाऊन शेक घेऊन आले होते. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. आता अशक्तपणा भरून काढायला आणि पुढची औषधं द्यायला आमच्याकडे दाखल झाले. तोंड आतून सोललेलं होतं. आणि जिभेची चव गेली होती.

पहिल्या दिवशी मी स्टूल घेऊन बसले.

"काका, इथं करमते काय?"

"करमते," काकू म्हणाल्या. त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या बरोबर समोर बसल्या होत्या. "काऊन नाही करमणार? मी हाय ना इथं."

"झोप येते का, काका?"

"येते. घोरतात. शेजारच्यायले इचारा."

शेजारच्या खाटेवर जळगाव जामोदचे बांगड्यांचे व्यापारी होते. सगळा वॉर्ड त्यांना चाचा म्हणायचा. ते उशीला टेकून आमचं बोलणं मन लावून ऐकत होते. "घोरते, सिस्टर," त्यांनी साक्ष दिली. "मगर सुरात घोरते."

"काका, कधी असं वाटतं का की जीव नकोसा..."

"शुभ बोला वं माय," काकूंनी मला तिथेच थांबवलं. "नाही. लिवा, नाही."

मी काकांकडे पाहिलं. ते मंद हसले, खांदे उडवले. तेवढ्यात धाडहून जीप आली, आणि त्यांनी पडल्या पडल्या प्रत्येकाला चहाचं विचारायला सुरुवात केली. मी कागदावर "नाही" लिहिलं नाही. "पुन्हा विचारणे, एकटे असताना" असं लिहिलं.

ते एकटे असणं काही जुळेना. काकूंना मी केस पेपरच्या खिडकीवर पाठवलं, तर त्यांनी तिथून दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाला रांगेत उभं करून दिलं आणि परत आल्या. चहा घ्यायला पाठवलं, तर तीन कप घेऊन आल्या, एक माझ्यासाठी. देवळात जाऊन या म्हटलं, तर म्हणाल्या, "देव इथूनच दिसते," आणि खिडकीतून मारुतीच्या कळसाला हात जोडले. वाईट बाई नव्हत्या हो. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या वतीने बोलायचं काम त्यांच्याकडेच होतं. काका कढईशी आणि काकू गिऱ्हाइकांशी, अशी वाटणी.

आणि मला घाई होती. त्याला कारण चाचा.

वॉर्डात डबे उघडले की आचारीकाका पडल्या पडल्या नाक वर करायचे आणि निकाल द्यायचे. "जिरं जळलं." "तेल शिळं हाय." "हे भाजी सकाळची नाही, काल रातची." चाचांच्या घरून येणारा डबा हे त्यांचं खास गिऱ्हाईक. चाचा चिडवायला मुद्दाम त्यांच्याकडे तोंड करून झाकण काढायचे. काका म्हणायचे, "कांदा कच्चा ठेवला बेगमनं," आणि चाचा म्हणायचे, "आप आओ जळगावले, समोर बोलून दाखवा तिले." सगळा वॉर्ड हसायचा.

एका सकाळी मी फेरीला गेले तर चाचांनी मला बोटाने जवळ बोलावलं. नेहमीचा मिस्कील चेहरा नव्हता.

"सिस्टर, आचारी दोन दिस झाले माझ्या डब्याले नाव ठेवून नाही राह्यला."

"तोंड जास्त दुखत असेल."

"तोंड दुखते, नाक थोडीच दुखते? काल मी खुद जळालेली दाल उघडी ठेवली. कुछ नहीं बोला. भिताडाकडे पाहून राह्यला होता."

मी वळून पाहिलं. काका भिंतीकडे तोंड करून झोपले होते, डोळे उघडे. काकू त्यांचे पाय दाबत शेजारच्या बाईला सांगत होत्या की यांची तब्येत आता फारच सुधारली आहे.

मी चाचांना फक्त एवढंच म्हटलं की मला काकांशी थोडं एकटं बोलायचं आहे. बाकी काही सांगितलं नाही, सांगायचं नसतं. चाचांनी दाढीवरून हात फिरवला. मग सलाईनचा स्टँड धरून उभे राहिले, दोन पावलं टाकली आणि झोक गेल्यासारखं केलं.

"मावशी, वो मावशी. जरा हे स्टँड धरा ना. चक्कर येऊन राह्यली. डॉक्टरनं चालायले सांगितलं हाय."

"सिस्टर हाय ना इथं," काकू म्हणाल्या.

"सिस्टर कुठं कुठं पुरंल? अन मले तुमच्याशी कामाचं बोलायचं हाय. पोरीचं लग्न हाय. हजार माणसाले तांदूळ किती लागते, कोणीच बराबर सांगून नाही राह्यलं."

काकू उठल्या. नवऱ्यापासून त्यांना दूर नेणारी जगात एकच गोष्ट असावी, आणि ती चाचांना बरोबर सापडली होती. "हजार माणसाले?" त्या स्टँड हातात घेत म्हणाल्या. "बाया किती, माणसं किती, पोरं किती, हे आधी सांगा." दोघं व्हरांड्यात गेले. स्टँडची चाकं करकरत होती आणि तांदळाचा हिशोब ऐकू येत होता.

मी स्टूल भिंतीच्या बाजूला नेलं, काकांचं तोंड होतं तिकडे.

"काका, करमते काय?"

ते भिंतीचा पोपडा नखाने खरवडत राहिले. मी काही बोलले नाही. या कामात गप्प बसणं ही अर्धी कला आहे आणि मला ती सगळ्यात उशिरा जमली.

"नाही," ते म्हणाले. तोंड दुखत असल्यामुळे शब्द हळू येत होते. "जिभेवर माती ठेवल्यासारकं लागते सिस्टर. गोड नाही, तिखट नाही, खारट नाही. आचाऱ्याची जीभ गेल्यावर राह्यलं काय?"

"येईल परत. वेळ लागतो, पण बऱ्याच जणांची येते."

"डॉक्टरबी तेच म्हनते." त्यांचा विश्वास नव्हता, हे त्यांनी सौजन्याने सांगितलं. "लोकायले खाऊ घातलं तेवढंच केलं मी जलमभर. आता दुसरं कोणी माझी कढई घेईन. मी पंगतीत बसून माती खाऊ?"

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. आडून नाही, फिरवून नाही. "काका, जीव द्यावा असं मनात येते काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येते," म्हणाले. आणि मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत त्या माणसाने एवढा पूर्ण श्वास सोडलेला मी पाहिला नव्हता.

पुढचे प्रश्न ठरलेले असतात, ते मी विचारले. घरी गेल्यावर काय करायचं हे त्यांनी ठरवलेलंही होतं. ते मी इथे लिहिणार नाही. दवाखान्यातून सुट्टी जवळ आली होती, म्हणजे वेळ फारसा नव्हता.

"तिले सांगू नका," ते म्हणाले.

"काका, बाकी काहीही लपवीन, हे नाही लपवता येणार. पण तुमच्या समोर सांगू. तुम्हीच सांगा, मी शेजारी बसते."

काकू व्हरांड्यातून परत आल्या त्या विजयी मुद्रेने. चाचांचा तांदूळ ठरला होता. काकांनी सांगितलं. चार-पाच शब्दच, पण त्यांनी स्वतः सांगितले. काकू उभ्या होत्या त्या तशाच खाटेवर बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगते, मला ते बघवेना.

मग त्यांना आवाज फुटला. "पाणी प्यायले उठले तरी मले सांगून उठता तुमी," त्या म्हणाल्या. "अन हे न सांगता करणार होते?"

काका रडायला लागले. काकूंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, सोललेल्या भागाला धक्का न लावता, आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट असं धरलं की मला वाटलं, आता हे मनगट सुटायचं नाही.

त्यानंतरची कामं माझ्या आवडीची, म्हणजे एकामागून एक करायची. डॉक्टरांना लगेच कळवलं. सुट्टी थांबवली. खाट नर्सच्या टेबलाजवळ आणली. मानसोपचाराच्या डॉक्टर आल्या. तरुण, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी औषधं सुरू केली, रोज येऊन बसू लागल्या. तोंडाच्या दुखण्यावरचं औषधही बदललं, कारण सतत दुखत असलं की मन उभं राहत नाही. घरात काय काय कुलुपात ठेवायचं, हे धाडला मुलाला फोनवर सांगितलं. काकूंना सांगितलं की काकांशी बोलत राहा, आणि त्यांनाही बोलू द्या. पहिलं त्यांना लगेच जमलं.

काका हळूहळू झोपू लागले. पण भिंतीकडचं तोंड काही वळेना.

खाट माझ्या टेबलाजवळ आली होती त्याचा मात्र असा परिणाम झाला की मी जे बोलेन ते त्यांना ऐकू जाऊ लागलं. दवाखान्याच्या मागच्या फाटकाबाहेर तो मारुती आहे, आणि आमचा स्टाफ वर्षातून एकदा तिथे भंडारा करतो. वांग्याची भाजी, वरण, भात, रोडगे. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. दरवर्षी आम्हीच करतो आणि दरवर्षी भक्तीमुळे खाल्लं जातं. सामानाची यादी अर्थातच माझी. मी ती वॉर्डातल्या आयाबाईला वाचून दाखवत होते. वांगी, कणीक, तूरडाळ, तांदूळ, तेल, शेंगदाणे, लसूण, मिरची, हळद, जिरं, मोहरी, कोथिंबीर, पत्रावळी, गोवऱ्या.

"मीठ?"

आवाज भिंतीकडून आला.

मी यादी पुन्हा पाहिली. वरून खाली, खालून वर. मीठ नव्हतं.

आयाबाई हसू दाबायला तोंड फिरवून उभी राहिली. चाचांनी दाबलं नाही. "सिस्टर," ते म्हणाले, "आता दहापैकी किती ताण हाय तुमाले?"

काका वळले. "आना इकडे," म्हणाले, आणि यादी हातात घेतली. "एवढे वांगे? वांगे काय मारुतीच्या अंगावर घालाचे हाय काय? अन जिरं इतकं कमी. अन हे शेंगदाणे कच्चे घेऊ नका. गोवऱ्या पावसात भिजलेल्या नाही पायजे, नाहीतर रोडग्याले धुराचा वास मारते." पेन मागितलं. माझ्या स्वच्छ यादीवर इतकं खोडलं की मला बघताना त्रास होत होता, आणि थांबवावंसंही वाटत नव्हतं.

"काका, तुम्हीच करा ना यंदा," मी म्हटलं. "बसून सांगा फक्त. हात आम्ही चालवू."

पेन थांबलं. चेहऱ्यावरचा उजेड गेला. मला वाटलं, घाई केली आपण.

"चाखल्याबिगर कसं करू?" ते म्हणाले आणि यादी परत देऊ लागले.

इथे काकूंनी तोंड उघडलं. मी त्यांना अडवायला हात वर केला होता, हे कबूल करते. नशीब त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"भंडाऱ्यात तुमी चाखलं कवा?" त्या म्हणाल्या.

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा ना. निवद दाखवल्याबिगर बोट तरी लावलं काय कढईले? इतकी वर्सं झाली, चाखणाऱ्या पोट्ट्यायच्या हातावर झारा हाणत होते तुमी. लग्नात चाखत असान. भंडाऱ्याची भाजी तुमी नाकानंच केली हाय."

ते खरंच होतं. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न उष्टं करायचं नाही, हा नियम आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. मलाही ठाऊक होता. तरी त्या आठवड्यात तो कुणाच्याही डोक्यात आला नव्हता, ना माझ्या, ना त्यांच्या स्वतःच्या.

"रमजानमध्ये बेगमबी तसंच करते," चाचा म्हणाले. "रोजा ठेवून सारा स्वयंपाक. एक दाना चाखत नाही. मीठ एकदम बराबर."

"तुमच्या बेगमचा कांदा कच्चा असते," काका म्हणाले.

वॉर्डातली सगळी तोंडं काकांकडे वळली. मग चाचांनी दोन्ही हात वर केले. "सुभानल्ला," ते म्हणाले. "नाव ठेवलं. ठेवलं नाव."

मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. परवानगी मिळाली, पण अटींसह: खुर्ची, सावली, मास्क, धुरापासून लांब, थकवा वाटला की परत. अटी मी लिहून काकूंच्या हातात दिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो कागद दिवसभर हातात धरला आणि प्रत्येकाला दाखवला.

भंडाऱ्याच्या दिवशी काका लिंबाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. नाकात जेवणाची नळी, डोक्याला रुमाल, मास्क हनुवटीवर, आणि हातात चहाच्या चमच्याएवढीही वस्तू नसताना सगळं मैदान ताब्यात. शिकलेल्या नर्स, टेक्निशियन, एक डॉक्टर वांगी चिरत होते. "मधून चार चिरा, देठ ठेवा," ते सांगायचे. "डॉक्टर, ऑपरेशन नका करू त्याचं." लसूण तेलात पडला की ते डोळे मिटायचे, नाक वर करायचे, आणि आम्ही सगळे हात थांबवून त्यांच्याकडे पाहायचो. "आता हळद." कुणी दोन सेकंद उशीर केला तर खुर्चीचा हात आपटायचे.

मिठाची वेळ आली तेव्हा ते उठले. काकूंनी एक दंड धरला, मी दुसरा. कढईपाशी येऊन त्यांनी वाफ घेतली, मीठ मुठीत उचललं, तळहातावर जोखलं, थोडं परत टाकलं आणि उरलेलं भाजीवर फिरवून सोडलं. हात थरथरत होता. मग जाऊन बसले आणि मास्क नाकावर ओढून घेतला.

नैवेद्य दाखवला. पंगत बसली. पेशंटचे नातेवाईक, सफाईवाले, बाहेर फळं विकणारी बाई, सगळे. चाचा स्टँडसकट आले आणि पहिल्या पानावर बसले. काकांना काही खायचं नव्हतं. ते फक्त पाहत होते, आणि मला दिसत होतं की ते बाकी कुणाला पाहत नव्हते. काकूंना पाहत होते.

काकूंनी रोडगा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. चावला. विचार केला.

बोला, चांगली झाली म्हणा, मी मनात म्हणत होते. आयुष्यात एकदा तरी.

"मीठ अंमळ कमी हाय," काकू म्हणाल्या.

माझ्या शेजारच्या सिस्टरने माझा हात दाबला. चाचा घाईने म्हणाले, "बिलकुल नाही. एकदम बराबर हाय."

"तुमी बांगड्या इका," काका म्हणाले. "हे खरं सांगून राह्यली. ही लग्नापासून मले खरंच सांगत आली." आणि हसले. सोललेलं तोंड दुखेल म्हणून हात गालाला लावून, पण हसले. "हात थरथरला म्हून थोडं परत टाकलं. पुढच्या साली नाही टाकत."

पुढच्या साली. मानसोपचाराच्या डॉक्टर दोन पानं सोडून बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वांगं खायला लागल्या. भाजी खरंच सुंदर झाली होती. मी तिसऱ्यांदा घेतली.

सुट्टीच्या आधी नियमाप्रमाणे मी पुन्हा सगळे प्रश्न विचारले. या वेळी काकूंना बाहेर पाठवलं नाही. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं, म्हणजे उत्तर बाहेर पडायला नको.

"काका, जीव द्यावा असं येते काय मनात?"

काकूंनी पदर आणखी घट्ट धरला.

"येते कवा कवा," काका म्हणाले. "पण पयल्यासारका ठाण मांडून नाही बसत. आला की मी हिले सांगतो."

"मग?"

"मग ही बोलत बसते. इचारच कटाळून निघून जाते."

काकूंनी पदर सोडला आणि मला विचारलं की यात हसण्यासारखं काय आहे.

ते घरी गेले. औषधं चालू, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे ठरल्या दिवशी येणं चालू. चाचांच्या मुलीच्या लग्नाला दोघं गेले आणि तांदूळ उरला, असं चाचांनी मला मोठ्या तक्रारीच्या सुरात कळवलं. मी ठरलेल्या दिवशी फोन करते. तोही यादीत आहे. परवा केला. उचलला काकूंनी.

"हाव सिस्टर, बरं हाय यायचं. झोप येते, भूक लागते. गोड थोडं थोडं कळून राह्यलं आता जिभेले. खारट नाही अजून."

"काकू, फोन काकांना द्या."

"मी सांगते ना तुमाले..."

"काकू."

फोन गेला. मागे भांड्यांचा आवाज, कुणाला तरी दिलेली शिवी, तेलाची चरचर.

"काका, करमते काय?"

"सिस्टर, फोडणी जळून राह्यली," काका म्हणाले. "नंतर करा." आणि फोन ठेवला.